काचेतील समुद्र : शेवाळ खाणाऱ्या माशांच्या आहारसवयी

१. प्रस्तावना

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी समुद्रातील रंगीत मासे पहिल्यांदा पाहिले ते तेथील काचेपलीकडे. त्या मत्स्यालयाच्या समोरच समुद्र होता. दिल्ली, नोएडा, गुडगाव किंवा गाझियाबाद येथे राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला मात्र असा समुद्र येत नाही. मुंबई सेंट्रलहून नवी दिल्लीला येणारा लोहमार्गच सुमारे १,३८४ किलोमीटर लांबीचा आहे. तरीही राजधानीच्या परिसरातील काही घरांत आज खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेट्या दिसतात. काहींना हा छंद असतो, तर काहींनी अशा पेट्यांची निगा राखणे हा रोजगार म्हणून स्वीकारलेला असतो.

अशा पेटीत काही आठवड्यांतच शेवाळ धरू लागते. मग "शेवाळ खाणारा मासा आणून सोडा, काच आपोआप स्वच्छ होईल," असा सल्ला मिळतो. हा सल्ला कितपत खरा आहे? असा मासा नेमके काय खातो, किती खातो आणि शेवाळ संपल्यावर त्याचे काय होते? या प्रश्नांचा विचार आपण प्रस्तुत पाठात करणार आहोत.

२. उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही :

- शेवाळ खाणाऱ्या माशांचे प्रकार व त्यांच्या खाण्याच्या पद्धती सांगू शकाल;
- मत्स्यपेटीत शेवाळ का वाढते याची कारणे स्पष्ट करू शकाल;
- माशाची उपासमार ओळखण्याच्या खुणा सांगू शकाल;
- माहितीपर लेखनातील कार्यकारणसंबंध ओळखू शकाल व त्यासाठी योग्य उभयान्वयी अव्यये वापरू शकाल.

३. मूळ पाठ

३.१ पेटीतले पाणी आणि शेवाळाचा जन्म

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. दिल्लीसारख्या ठिकाणी हे पाणी घरीच तयार करावे लागते. आरओ यंत्रातून गाळलेल्या पाण्यात मत्स्यपेटीसाठी मिळणारे खास समुद्री मीठ विरघळवतात. शंभर लिटर पाण्याला असे मीठ सुमारे साडेतीन किलो लागते. स्वयंपाकघरातील मीठ येथे उपयोगाचे नाही. कारण समुद्राच्या पाण्यात केवळ सोडियम क्लोराइड नसते, तर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचेही क्षार असतात.

या पाण्याचा एक धर्म ध्यानात ठेवावा. उन्हाळ्यात लू वाहू लागली की पेटीतील पाणी भराभर आटते. परंतु आटते ते पाणी. मीठ मागेच राहते. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी पुन्हा खारे पाणी ओतले तर क्षारांचे प्रमाण दिवसेंदिवस वाढत जाते. ती भर गोड्या पाण्यानेच घालावी लागते. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. बाहेर पारा ४५ अंशांपर्यंत चढत असताना हे साधण्यासाठी पाणी थंड करणारे यंत्र किंवा वातानुकूलित खोली आवश्यक ठरते.

आता शेवाळाकडे वळू. शेवाळाला तीन गोष्टी हव्या असतात : प्रकाश, पाणी आणि खत. पेटीत पहिल्या दोन गोष्टी असतातच. तिसरी आपण नकळत पुरवतो. माशांची विष्ठा आणि न खाल्लेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो. अमोनिया माशांना विषारी असतो. पेटीत वाढणारे उपयुक्त जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत ही साखळी बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. साखळीच्या शेवटी उरणारे नायट्रेट आणि अन्नातून येणारे फॉस्फेट हेच शेवाळाचे खत होय. न गाळलेले नळाचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरले, तर त्यातूनही या खताची भर पडते.

नव्या पेटीत प्रथम तपकिरी भुकटीसारखा थर दिसतो. तो डायटम या सूक्ष्म शैवालाचा असतो. त्यानंतर काचेवर हिरवी साय धरते आणि पुढे खडकांवर केसांसारखे तंतू वाढतात. कधीकधी वाळूवर लालसर, बुळबुळीत पापुद्रा पसरतो. त्यालाही लोक शेवाळच म्हणतात. पण ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू असतात आणि बहुतेक शैवालभक्षी मासे त्यांना तोंड लावत नाहीत.

३.२ तोंड तसा घास

'शेवाळ खाणारा मासा' असे आपण सहज म्हणतो. पण गाय, शेळी आणि उंट हे तिन्ही शाकाहारी असले तरी त्यांचा चारा एकच नसतो. माशांचेही तसेच आहे. कोणता मासा काय खाणार, हे त्याच्या तोंडाच्या रचनेवर अवलंबून असते.

टँग हे सर्जनफिश या कुळातील मासे. त्यांच्या शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंस शस्त्रक्रियेच्या सुरीसारखा धारदार काटा असतो. म्हणून हे नाव. पिवळ्या टँगचे तोंड पुढे निमुळते झालेले असते. खडकाच्या फटीतील तंतुमय शेवाळ तो चिमट्याने उपटावे तसे तोडतो. त्याच कुळातील कोल टँगचे दात मात्र कंगव्यासारखे बारीक व लवचिक असतात. तो शेवाळ तोडत नाही. पृष्ठभागावरील डायटमचा थर आणि सेंद्रिय गाळ विंचरून घेतो. लांब हिरव्या शेवाळाने भरलेल्या पेटीत कोल टँग सोडून ते साफ होण्याची वाट पाहणे, म्हणजे कंगव्याने गवत कापू पाहणे होय.

लॉनमोअर ब्लेनी हा बोटाएवढा, बेडकासारख्या डोळ्यांचा मासा. तो खडकावर बसून राहतो आणि मधूनच झेप घेऊन काचेवरील पातळ थर ओठांनी खरवडतो. हिरव्या झालेल्या काचेवर त्याच्या ओठांचे ठसे स्पष्ट उमटतात. नावाचा अर्थ 'गवत कापणारा' असा असला, तरी या थरात मिसळलेला सेंद्रिय गाळ हा त्याच्या आहाराचा मोठा भाग असतो.

रॅबिटफिश, म्हणजे ससामासा, अधिक राठ व मोठ्या पानांचे समुद्री शेवाळही खातो. त्याच्या परांतील काटे विषारी असतात. पेटीत हात घालताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

पोपटमाशाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे दात जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात. तो मृत प्रवाळावरील शेवाळ दगडासकट खरवडतो, घशातील दातांनी दळतो आणि उरलेले वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. मोठा पोपटमासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू तयार करू शकतो. अर्थातच, घरातील पेटी ही त्याची जागा नव्हे.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागा भरा.
(१) समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ______ ग्रॅम क्षार असतात.
(२) नव्या पेटीत प्रथम दिसणारा तपकिरी थर ______ या सूक्ष्म शैवालाचा असतो.

(आ) चूक की बरोबर ते सांगा.
(१) आटलेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी ओतावे.
(२) कोल टँगचे दात कंगव्यासारखे असतात.

३.३ दिवसभराचे चरणे

मांसाहारी माशाला एक भक्ष्य मिळाले की त्याची बराच वेळ सोय होते. शेवाळात मात्र प्रथिने आणि ऊर्जा कमी असतात. म्हणून शैवालभक्षी माशाला पोट भरण्यासाठी सतत चरावे लागते. प्रवाळभित्तीवरील सर्जनफिश सकाळच्या पहिल्या प्रकाशापासून संध्याकाळपर्यंत खडक टिपत हिंडतो आणि दिवसभरात हजारो लहान लहान घास घेतो. रात्री तो कपारीत विसावतो.

अशा अन्नातून सत्त्व काढण्यासाठी त्याचे आतडे शरीराच्या लांबीच्या कित्येक पट लांब असते. काही सर्जनफिशच्या आतड्यात एक आश्चर्यही दडलेले आहे. १९८५ साली तांबड्या समुद्रातील सर्जनफिशच्या आतड्यात संशोधकांना मोठ्या आकाराचे एकपेशीय जीव आढळले. त्यांना 'एप्युलोपिसियम' हे नाव मिळाले. त्याचा अर्थ 'माशाच्या मेजवानीचा पाहुणा' असा सांगितला जातो. त्यांची लांबी अर्ध्या मिलिमीटरहून अधिक भरते, म्हणजे ते नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतात. एवढ्या मोठ्या जीवाला जीवाणू म्हणण्यास प्रथम कोणी धजावले नाही. परंतु ते जीवाणूच आहेत, हे १९९३ साली सिद्ध झाले. गाईच्या पोटातील सूक्ष्मजीव जसे चारा पचवण्यास मदत करतात, तसेच सर्जनफिशच्या पचनातही आतड्यातील सूक्ष्मजीवांचा वाटा असतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ज्या प्राण्याचे शरीरच सतत चरण्यासाठी घडले आहे, त्याला दिवसातून एकदा चिमूटभर अन्न टाकून भागत नाही. अन्न थोडे थोडे व अनेक वेळा मिळाले, तरच त्याची प्रकृती टिकते.

३.४ काच स्वच्छ, ताट रिकामे

समजा, नोएडातील एका सदनिकेत दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची पेटी आहे. काच हिरवी झाली म्हणून घरमालकाने ब्लेनी आणला. पहिल्या पंधरवड्यात माशाने काच आणि खडक चकचकीत केले. घरात आनंदीआनंद झाला. पेटीतील इतर माशांसाठी रोज कोळंबीचा चुरा पडत होता. तो या माशाने घेतला नाही. पेटीतले सर्व लोक एकाच पंगतीला बसतात, अशी घरच्यांची समजूत. दीड-दोन महिन्यांनी एके दिवशी तो मासा खडकाआड मेलेला आढळला. पाणी तपासले, तर त्यात काहीच दोष नव्हता. मग तो मेला कशाने?

तो भुकेने मेला. ज्या दिवशी काच स्वच्छ झाली, त्याच दिवशी त्याचे ताट रिकामे झाले होते. पाहणाऱ्याला जी स्वच्छता दिसत होती, ती त्या माशाच्या दृष्टीने दुष्काळाची सुरुवात होती. हे उदाहरण काल्पनिक असले, तरी अशी मरणे या छंदात दुर्मिळ नाहीत. ती टळू शकतात, म्हणूनच त्यांची कारणे समजून घेतली पाहिजेत.

उपासमारीच्या खुणा हळूहळू दिसू लागतात. माशाकडे बाजूने न पाहता समोरून पाहावे. धष्टपुष्ट माशाचे पोट किंचित गोलसर असते. उपाशी माशाचे पोट खपाटीला गेलेले दिसते. पुढे डोळ्यांच्या मागील व पाठीवरील मांस आटते आणि डोके शरीराच्या मानाने मोठे वाटू लागते. रंग फिका पडतो. विष्ठा कमी होते. काचेवर ब्लेनीच्या ओठांचे नवे ठसे दिसेनासे झाले, तर खरवडण्यासारखे काही उरले नाही, असे समजावे.

उपाय अवघड नाहीत. जपानी स्वयंपाकात वापरले जाणारे नोरी नावाचे वाळवलेले समुद्री शेवाळ पातळ कागदासारख्या स्वरूपात मिळते. तेल, मीठ व मसाला नसलेली नोरी चिमट्याने काचेला लावून ठेवावी. टँग व ससामासा ती टिपून खातात. काही तासांत संपेल एवढाच तुकडा लावावा आणि उरलेला काढून टाकावा. अन्यथा तो कुजून पाणी बिघडवतो. ब्लेनीसाठी शैवालयुक्त बारीक दाणे किंवा ओला लगदा खडकावर पसरवावा. तो सुरुवातीस त्याकडे दुर्लक्ष करील. म्हणून काचेची एक बाजू मुद्दाम न पुसता त्याच्यासाठी राखून ठेवावी. अडीअडचणीला पालेभाजीचे पान देतात. परंतु ते समुद्री शेवाळाची जागा घेऊ शकत नाही.

आणि मासा आणण्याची घाई करू नये. पेटी काही महिने जुनी होऊन तिच्यात पुरेसे शेवाळ धरल्यावरच ब्लेनी आणावा. टँगला पोहण्यास लांबी लागते. पूर्ण वाढलेला पिवळा टँग सुमारे २० सेंटिमीटरचा होतो. त्याला चार फुटांहून लहान पेटीत कोंडणे योग्य नव्हे.

३.५ शेवाळ जाते कोठे?

मासा शेवाळ खातो, तेव्हा ते नाहीसे होत नाही. त्याचे रूप तेवढे बदलते. खाल्लेल्या शेवाळातील नायट्रोजन व फॉस्फरस यांचा बराचसा भाग उत्सर्गाद्वारे पाण्यातच परत येतो आणि त्यावर नवे शेवाळ वाढते. म्हणजे मासा शेवाळ कापतो. शेवाळाचे कारण दूर करीत नाही. ते दूर करणे माणसाच्या हाती आहे : इतर माशांना बेताने खाऊ घालणे, दिवा आठ तासांच्या आसपासच लावणे, ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलणे आणि गाळलेले पाणी वापरणे. "पी हळद आणि हो गोरी" ही वृत्ती येथे उपयोगी पडत नाही.

३.६ पेटीपलीकडचा समुद्र

पेटीत जे लहान प्रमाणात घडते, ते समुद्रात मोठ्या प्रमाणात घडत असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणजवळ प्रवाळ आढळतात. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. लक्षद्वीपची तर बेटेच प्रवाळांनी घडवलेली आहेत. प्रवाळ आणि शेवाळ यांच्यात जागेसाठी सतत स्पर्धा चालते. शैवालभक्षी जीव शेवाळ कमी ठेवतात, म्हणून नव्या प्रवाळाला खडकावर बसण्यास जागा मिळते.

हे जीव नष्ट झाले तर काय होते, हे कॅरिबियन समुद्राने दाखवून दिले. तेथे पोपटमाशांसारखे शैवालभक्षी मासे अतिमासेमारीने आधीच घटले होते. १९८३-८४ मध्ये रोगाने लांब काट्यांचे समुद्री साळू मोठ्या संख्येने मेले. शेवाळ खाणारे कोणीच उरले नाही आणि अनेक प्रवाळभित्तींवर शेवाळाने कब्जा केला. याउलट, लक्षद्वीपचे मच्छीमार प्रामुख्याने खुल्या समुद्रात गळाने कुपा पकडत आल्यामुळे भित्तीवरील मासे दीर्घकाळ टिकून राहिले. १९९८ सालच्या उष्णतेने तेथील प्रवाळ पांढरे पडून मेले, तेव्हा शेवाळ आटोक्यात ठेवण्यास याच माशांचा हातभार लागला. २०१० व २०१६ साली मात्र तशीच आपत्ती पुन्हा ओढवली. समुद्र वारंवार तापू लागला, तर केवळ माशांच्या बळावर प्रवाळ वाचू शकत नाहीत.

पेटी बाळगणाऱ्याने कायद्याचीही जाण ठेवावी. भित्ती बांधणारे प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट झाले. असे प्रवाळ समुद्रातून काढणे व विकणे हा गुन्हा आहे. म्हणून पेटीत कृत्रिम खडक वापरावेत. मासा घेताना तो समुद्रातून पकडलेला आहे की पैदास केलेला, हेही विचारावे. पिवळ्या टँगची पैदास करण्यात हवाई बेटांवरील संशोधकांना २०१५ साली यश आले. त्यामुळे असा प्रश्न विचारणे आता निरर्थक राहिलेले नाही.

मासा ही पेटी पुसण्याची वस्तू नव्हे. तो भूक लागणारा जीव आहे आणि त्याची भूक बोलून दाखवता येत नाही. ती ओळखण्याची जबाबदारी त्याला घरी आणणाऱ्याची आहे.

पाठगत प्रश्न २

योग्य पर्याय निवडा.
(१) शैवालभक्षी माशाला सतत चरावे लागते, कारण –
(क) त्याचे दात वाढत राहतात (ख) शेवाळात ऊर्जा कमी असते (ग) त्याला झोप येत नाही
(२) उपाशी मासा ओळखण्यासाठी त्याच्याकडे पाहावे –
(क) वरून (ख) बाजूने (ग) समोरून

४. शब्दार्थ

शैवालभक्षी – शेवाळ खाणारा. प्रवाळभित्ती – प्रवाळांनी बांधलेला समुद्रातील खडक. निष्पन्न होणे – निष्कर्ष म्हणून निघणे. सेंद्रिय – सजीवांपासून आलेले. राठ – खरखरीत, कडक. समुद्री साळू – काटेरी गोल शरीराचा समुद्री प्राणी. कुपा – ट्यूना मासा.

५. भाषा अभ्यास

(अ) वाक्प्रचार : *पोट खपाटीला जाणे* – भुकेने पोट आत जाणे. *कब्जा करणे* – ताब्यात घेणे. *हातभार लागणे* – मदत होणे.

(आ) समास : 'शैवालभक्षी' या शब्दाचा विग्रह 'शैवाल भक्षण करणारा' असा होतो. हा उपपद तत्पुरुष समास आहे. 'मत्स्यपेटी' म्हणजे 'मत्स्यांसाठी पेटी'. हा विभक्ती तत्पुरुष समास आहे. 'दिवसेंदिवस' हा अव्ययीभाव समास आहे.

(इ) उभयान्वयी अव्यये : माहितीपर लेखनात कारण आणि परिणाम यांची सांगड स्पष्ट असावी लागते. पुढील वाक्ये पाहा.
– स्वयंपाकघरातील मीठ उपयोगाचे नाही. *कारण* समुद्राच्या पाण्यात इतरही क्षार असतात. (कारणबोधक)
– शेवाळात ऊर्जा कमी असते, *म्हणून* माशाला सतत चरावे लागते. (परिणामबोधक)
– खारे पाणी ओतले, *तर* क्षारांचे प्रमाण वाढते. (संकेतबोधक)
पहिल्या दोन वाक्यांत विचार तोच ठेवून 'कारण' व 'म्हणून' यांची अदलाबदल करता येते. उदा., "माशाला सतत चरावे लागते, कारण शेवाळात ऊर्जा कमी असते."

६. तुम्ही काय शिकलात?

- पाण्यातील नायट्रेट, फॉस्फेट आणि प्रकाश यांमुळे पेटीत शेवाळ वाढते.
- प्रत्येक शैवालभक्षी माशाच्या तोंडाची रचना निराळी असते. म्हणून त्याचा आहारही निराळा असतो.
- शेवाळ संपल्यावर बाहेरून समुद्री शेवाळ दिले नाही, तर मासा उपाशी मरतो.
- मासा शेवाळाचे मूळ कारण दूर करीत नाही; ते काम माणसाचे आहे.
- समुद्रातील प्रवाळ टिकून राहण्यास शैवालभक्षी जीवांची मदत होते.

७. स्वाध्याय

(१) "काच स्वच्छ झाली, त्याच दिवशी त्याचे ताट रिकामे झाले होते." या विधानाचा आशय आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
(२) टँग, ब्लेनी व पोपटमासा यांच्या खाण्याच्या पद्धतींची तुलना करा.
(३) कॅरिबियन समुद्र आणि लक्षद्वीप यांच्या उदाहरणांवरून कोणता बोध मिळतो?
(४) तुमच्या घरी किंवा परिसरात असलेल्या एखाद्या प्राण्याच्या आहाराचे आठवडाभर निरीक्षण करा आणि कारण व परिणाम दाखवणारी अव्यये वापरून पंधरा ओळींचा माहितीपर लेख लिहा.

८. पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) (१) ३५ (२) डायटम. (आ) (१) चूक (२) बरोबर.
प्रश्न २ : (१) ख (२) ग.